आम्हाला मोठ्या गटात घ्या

"हात वर करा," अध्यक्ष म्हणाले, आणि खोलीतल्या सगळ्या लहान शाळांच्या मास्तरांचे हात पटापट वर गेले. एक सोडून. तो एक हात आमच्या गुरव सरांचा. तो खिशात होता, शेंगदाणे चाचपत.

मी सरांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. खरं तर त्या मीटिंगला माझं काहीच काम नव्हतं. मला गोलकीपरचे हातमोजे घ्यायचे होते म्हणून सरांबरोबर एसटीनं कोल्हापूरला आलेले. दुकान उघडायला अवकाश होता, तर सर म्हणाले, "बस हितंच गप. चहा मिळतोय." चहा मिळाला, बिस्किटं मिळाली, आणि मग डोकं फिरायची वेळ आली.

ठराव अगदी साधा होता. जिल्ह्याच्या मुलींच्या शालेय फुटबॉलमध्ये त्या सालापासून दोन गट करायचे. ज्या शाळेत पोरी ढीगभर, ती मोठ्या गटात. जिथं अकरा जणी गोळा करता करता मास्तर म्हातारा होतो, ती लहान गटात. लहान गटाला वेगळी ढाल. अध्यक्ष म्हणाले, शेकड्यांतून अकरा निवडणारी शाळा आणि असतील तेवढ्या सगळ्या उभ्या करणारी शाळा, यांची झुंज लावण्यात कसला आलाय खेळ? मला तर उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आमची हुंबरवाडीची शाळा त्यातली दुसऱ्या जातीची. आठवी, नववी, दहावी मिळून पोरी बारा. त्यातल्या एकीला दमा, ती पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. उरल्या अकरा. कुणाला ताप आला की दहा. आणि दर साली पहिल्याच फेरीत आमची गाठ पडायची ती कोल्हापुरातल्या त्या शाळेशी. तिचं नाव सांगत नाही, आम्ही तिला मोठी शाळाच म्हणायचो. तिला हॉस्टेल होतं, हिरवंगार मैदान होतं, प्रत्येकीला बूट होते, आणि बाकावर बसलेल्या बदली पोरींचीच आणखी एक टीम झाली असती. आम्ही फुटबॉल खेळायला लागल्यापासून त्या शाळेला आमच्याकडून एक गोल बसला नव्हता. एकसुद्धा नाही. आम्हाला मात्र गेल्या साली नऊ बसले, आणि त्या नवांच्या वेळी गोलमध्ये उभी होते मी, उज्ज्वला बाळू चौगुले. गावातली पोरं तेव्हापासून मला 'नऊ'च म्हणायची. दळणाचा डबा घेऊन निघाले की चावडीपाशी कुणीतरी ओरडायचं, "ए नऊ, गिरणीकडं निघालीस व्हय?" डबा त्याच्या डोक्यात घालावासा वाटायचा.

आणि आता समोर लहान गट आयता चालून आलेला. आजूबाजूच्या लहान शाळांना आम्ही सरावात केव्हाच लोळवलं होतं. ढाल आमचीच होती, नुसती उचलून आणायची होती.

"गुरव सर, तुमचा हात?" अध्यक्षांनी विचारलं.

सर उठले. दिसायला आमचे सर एवढेसे. हिंदी शिकवायचे आणि पी.टी. घ्यायचे, कारण दोन मास्तर ठेवायची शाळेची ऐपत नव्हती. "आम्हाला मोठ्या गटात घ्या," ते म्हणाले.

खोलीभर हशा पिकला. मोठ्या शाळेचे इंगवले सर पुढच्या रांगेत होते, ट्रॅकसूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून. तरुणपणी हे दोघं पेठेतल्या एकाच तालमीच्या टीमकडून खेळलेले, त्यामुळे त्यांच्यात अहो-जाहो नव्हतं. इंगवले सर मागं वळून म्हणाले, "गुरवा, खुळा झालास काय रं? नऊ बसलेत गेल्या साली."

"बसूंदेत की. पोट भरलं न्हाई अजून."

"अरे, पोरींचा तरी इचार कर."

"त्यांचाच करालोय," सर म्हणाले आणि खाली बसले. अध्यक्षांनी खांदे उडवले, आमचं नाव मोठ्या गटात घातलं, आणि मी बिस्किट बशीत परत ठेवलं.

बाहेर पडल्यावर मी सरांना तिथंच रस्त्यात धरलं. म्हणजे शब्दांनी. "सर, आमास्नी काय ईचारलासा का? लहान गटात असतो तर ढाल आणली असती आमी!"

"आणली असतीस. मग?"

"मग काय? कपाटात ठेवली असती!" मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं, बक्षिसांसाठी म्हणून केलेलं. त्यात आजवर एक बंद पडलेली ट्यूबलाइट सोडून काही राहायला आलेलं नव्हतं.

सरांनी दोन शेंगदाणे तोंडात टाकले. "मग ट्यूबलाइट कुठं ठेवायची?"

"सर, चेष्टा करू नकासा. मला गावात काय म्हणत्यात, ठावं हाय न्हवं तुमास्नी?"

"ठावं हाय." आणि ते तरातरा पुढं चालायला लागले. दुकानात शिरल्यावर मात्र दुकानदाराला त्यांनी वरच्या फळीवरचे, सगळ्यांत चांगले मोजे काढायला लावले, माझ्या हातात चढवून बघितले, आणि दोन्ही तळव्यांवर स्वतः गुद्दे मारून बघितले. मी थँक्यू म्हटलं नाही. परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून बसले.

गावात आल्या आल्या मी हौसाकडं गेले. हौसा गावडे माझ्याच वर्गात, नववीत. वरच्या धनगरवाड्यावरून रोज डोंगर उतरून शाळेला यायची आणि संध्याकाळी चढून जायची, त्यामुळे मैदानावर ती पळायला लागली की बाकीच्या उभ्या आहेत असं वाटायचं. आमची सगळी आघाडी म्हणजे हौसा एकटी. मला वाटलं, ही तरी माझ्या बाजूनं सरांना चार शब्द सुनावेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि टाळी वाजवली.

"ब्येस केलं की सरांनी!"

"काय ब्येस? डोस्कं फिरलंय काय तुझं?"

"अगं, लहान गटात कुणाला मारायचा गोल? त्यास्नी तर कवाबी मारतोय. मला मोठ्या शाळेला मारायचाय. एकच. आजवर कुणी मारला न्हाई न्हवं आपल्यातनं?"

"तू एक मार, मी नऊ खाते."

"मग खाऊ नगंस की, भवाने," हौसा म्हणाली. हिच्याशी भांडायचीसुद्धा सोय नव्हती.

आमच्या मैदानाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मैदान कसलं, डोंगराच्या अंगाला खोदून काढलेली एक पट्टी. एका अंगाला शाळेची भिंत, दुसऱ्या अंगाला उतार, आणि माझ्या गोलच्या मागं तर सरळ ओढा. बॉल एकदा घरंगळला की थेट खालच्या पाण्यात. बॉल एकच. म्हणून पहिल्यापासून आमच्यात नियम होता, मारील तो आणील. जिच्या पायानं बॉल खाली गेला, तिनं उतरायचं, ओल्या बॉलसकट परत चढायचं, आणि तोवर बाकीच्यांनी बसून राहायचं. त्यामुळे आमच्यात उगीच कुणी जोरात लाथ घालायचं नाही. बॉल जमिनीवर, एकीच्या पायातून दुसरीच्या पायात. आणि गोल झाला तर? मारणारी म्हणायची, "मी गोलात मारलाय, खाली न्हाई. तू सोडलास, तू आण." हा निकाल सरांनीच दिलेला. दिवसातून किती वेळा ओढा चढणार माणूस? मला बॉल अडवायची हौस नव्हती, मला चढायचा कंटाळा होता. पण त्या कंटाळ्यापायी मी वाटेल तिकडं अंग टाकायला शिकले.

मॅच मोठ्या शाळेच्याच मैदानावर होती. डेअरीच्या टेम्पोत दुधाच्या कॅनांच्या मधे बसून आम्ही गेलो. उतरल्यावर आठवीतली शबाना मुल्लाणी चप्पल काढून गवतावरून चालून आली आणि म्हणाली, "आयो, गादी हाय गं ही!" तिची ती पहिलीच मॅच. मोठ्या शाळेच्या पोरी एका रांगेत पळत वार्मअप करत होत्या. किती जणी ते मी मोजायला गेले नाही.

इंगवले सर आले. "ये गुरवा. आणल्यास पोरी? जेवून जावा समदी मॅच झाल्यावर, लई दमशीला."

"जेवण आणलंय," सर म्हणाले. मग आम्हाला जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं, काहीतरी भारी सांगतील. ते म्हणाले, "खेळा. गमजा करू नका. उजा, तू लाजू नगंस. लोक बघालेत तर बघूंदेत."

"मी कशाला लाजू? गोल तुमच्यामुळं बसणार हैत," मी म्हटलं. अजून राग गेला नव्हता माझा.

शिट्टी वाजली आणि मग मला रागवायलासुद्धा सवड मिळाली नाही. त्यांच्या पोरी लाटेसारख्या यायच्या. उजवीकडून एक, डावीकडून एक, मधून दोन. एक अडवावा तर परत कुणाच्या तरी पायात. मी पडत होते, उठत होते, पोटात, मांडीवर, तोंडावर बॉल घेत होते. एकदा बॉल अडवून पडल्या पडल्या मागं बघितलं तर ओढा नाही, नुसती जाळी आणि जाळीमागं मजेत बसलेली माणसं. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "पोरगी हाय का मांजर!" मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मध्यांतर जवळ आलं तरी एकही गोल नव्हता. इंगवले सर रेषेवर येऊन ओरडायला लागले होते, आणि आमचे सर शेंगदाणे खायचे विसरून नुसते हातात धरून उभे होते.

आणि तेवढ्यात शबानानं घोळ घातला. त्यांच्या एकीकडून बॉल काढून घेऊन तिनं तो जोरात बाहेर भिरकावला. चांगलं केलं, वेळेला बाहेर घालवायलाच पाहिजे होता. पण बॉल रेषेबाहेर गेला, गेटकडं घरंगळला, आणि ही बया जागा सोडून त्याच्यामागं सुसाट पळत सुटली. मारील तो आणील!

"शबेऽऽ! कुठं निघालीस?" मी गोलमधून बोंबलले.

"आणते की!" ती पळता पळताच ओरडली.

त्यांच्याकडं रेषेवर दुसरा बॉल तयारच होता. त्यांनी तो पटकन आत टाकला, शबानाची जागा मोकळी, तिथूनच त्यांची पोरगी सरळ आत आली आणि गोल. शबाना बॉल काखेत मारून गेटकडून परत येत होती, तोवर तिकडं त्यांचा नाचही उरकला होता. ती रेफ्रीजवळ जाऊन बॉल पुढं करत म्हणाली, "घ्या." जाळीमागची माणसं हसून हसून लोळायची बाकी राहिली. आमचे सर खालीच बसले डोक्याला हात लावून. मग तोंड वर करून म्हणाले, "शबे, लेकरा, हितं बॉल आणायला माणसं ठेवल्यात गं!" शबाना रडायच्या बेतात होती. हौसा तिच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाली, "रडतीयास कशाला? आणलास न्हवं? झालं तर मग."

दुसऱ्या अर्ध्यात हौसाला एकदाच बॉल नीट मिळाला. एकदाच. ती धनगरवाड्याची वाट धरल्यासारखी निघाली, दोघी मागं पडल्या, तिसरी आडवी आली तिच्या बगलेतून सुटली, आणि मारला. मी या टोकाला उभी राहून ओरडतच होते, पण बॉल वरच्या दांडीवर धाडकन आपटून माघारी आला. सगळं मैदान "अरेरे" म्हणालं, त्यांची माणसंसुद्धा. हौसा गुडघ्यावर बसली ती उठेचना. तेवढ्यात त्यांनी बॉल उचलून पुढं नेला आणि मला आणखी एक बसला.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा दोन–शून्य. आम्ही हरलो होतो. पण शबाना पळत आली आणि मला कवटाळून ओरडली, "दोनच! उजाताई, दोनच!" मग सगळ्याच धावल्या, मला खाली पाडून वर पडल्या. मोठ्या शाळेच्या पोरी एकमेकींकडं बघत होत्या, ह्या हरल्या का जिंकल्या म्हणून. हौसा तेवढी दांडीकडं बघत उभी होती.

मैदानाच्या कडेला झाडाखाली बसून आम्ही भाकरी आणि झुणका खाल्ला. तोंडात घास असतानाच इंगवले सर आले, आमच्या सरांशेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "गुरवा, पोरगी दे मला."

मी भाकरी खाली ठेवली. हौसाला नेणार हे. मला वाटलंच होतं. मोठ्या शाळेचं हेच तर होतं, कुठं चांगली पोरगी दिसली की हॉस्टेल, बूट, दूध, अंडी दाखवायची आणि उचलायची. मग लहान शाळा आणखी लहान होते आणि मोठी आणखी मोठी. मी हौसाचा हात घट्ट धरला.

"कंची पोरगी?" सरांनी विचारलं.

"ही गोलकीपर."

"हिला?" हौसाच्या तोंडातून निघून गेलं. "हिला तर दोन बसलेत की!"

"दोनच बसलेत, बाळा," इंगवले सर म्हणाले. "पंधरा बसायला पायजे होते. माझी गोलकीपर दहावी होऊन चालली. हिला हॉस्टेलात घेतो. दहावी आमच्यात करंल, फुडं अकरावी-बारावी तिथंच. खेळ चांगला ऱ्हायला तर कॉलेजबी बघू. फीचं मी बघतो."

मी सरांकडं बघितलं. ते नाही म्हणतील, भांडतील, गेला बाजार 'बघू की' म्हणतील, असं वाटलं. ते म्हणाले, "घेऊन जा."

एवढंच. भाजीवाल्याला जुडी द्यावी तसं. मी उठलेच. "मी काय शेरडू हाय व्हय सर, घेऊन जा म्हणायला? मला नगं जायाला! माझी टीम हितं हाय. मी गेल्यावर दहाच ऱ्हातील ह्या!" रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडत होते.

"बस खाली. भाकरी संपीव," सर म्हणाले.

परतीच्या वाटेवर सर पुढं ड्रायव्हरशेजारी बसले नाहीत. मागं आमच्यात, कॅनांच्या मधे येऊन बसले. टेम्पो घाट चढायला लागल्यावर त्यांनी माझ्याकडं न बघताच विचारलं, "उजा, लहान गटात खेळली असतीस तर आज किती बॉल आले असते तुझ्याकडं?"

मी मोज्याची पट्टी ओढत राहिले.

"एक. लई झालं तर दोन. बाकीचा वेळ गोलात उभी ऱ्हाऊन जांभया दिल्या असत्यास. मग ढाल घेऊन फोटो काढला असता. आन इंगवल्या तिकडं दुसऱ्याच मैदानावर असता."

मला कळायला वेळ लागला. "म्हंजे ह्याच्यासाठनं? मला त्यांनी बघावं म्हणून?"

"आन काय ढालीसाठनं?" सर म्हणाले. "गेल्या साली नऊ बसले त्याच दिवशी मी त्याला म्हणलेलं, ह्या पोरीकडं बघ. तर तो म्हणाला, नऊ बसलेल्या पोरीकडं काय बघायचं? म्हणलं, फुडल्या साली परत दावतो." मग म्हणाले, "हुंबरवाडीत अकरावी न्हाई, उजा. तुझ्या थोरल्या बहिणीला मीच शिकवलं. लई हुशार. दहावीचा निकाल लागला आन मांडवबी पडला."

अक्का बाळंतपणाला घरी आलेली होती तेव्हा. सोळावं सरून सतरावं लागलेलं तिला. मी मग ढसाढसा रडले. सरांना बोललेलं सगळं एकदम आठवलं आणि आणखी रडले. सर म्हणाले, "आता कशाला रडतीस? मोजे भिजतील."

"आन हौसा?" मी विचारलं. "तिला का न्हाई घेत?"

"त्याच्याकडं फुडं खेळणाऱ्या पोरी पोत्यानं हैत. दांडीला लागलेला बॉल कोण ध्यानात ठेवतंय? फुडल्या साली बघू. एक साल हाय अजून तिच्या हातात."

हौसा सगळं ऐकत होती. धनगरवाड्याच्या फाट्यावर टेम्पो थांबला तशी उडी मारून उतरली आणि वाटेला लागली. निरोप नाही, काही नाही. मला वाटलं, आता ही माझं तोंड बघायची नाही. टेम्पो सुटल्यावर वरून तिची हाक आली, "उजेऽऽ! गेली न्हाईस तर तंगडं मोडीन बघ!"

मी गेले. घरी दादांना आणि आईला सर येऊन सांगून गेले, काय सांगितलं देव जाणे, पण जूनमध्ये माझी पेटी हॉस्टेलच्या खाटेखाली गेली.

पुढल्या साली स्पर्धेचे गट पडले. हुंबरवाडीचं नाव परत मोठ्या गटात. नव्या आठवीतल्या पोरी येऊन कशाबशा अकरा भरल्या होत्या. आणि पहिल्याच फेरीत त्या आमच्या समोर आल्या. आमच्या म्हणजे आता कुणाच्या, हे मला त्या दिवशी नीट सांगता आलं नसतं.

माझ्याकडं बॉल येतच नव्हता. सगळा खेळ पलीकडच्या टोकाला, त्यांच्या गोलपाशी. मी एकटी उभी. मोठ्या शाळेची गोलकीपर म्हणजे कसलं रिकामं काम, ते तेव्हा कळलं. तीन गोल आमच्या पोरींनी मारले आणि प्रत्येक वेळी मी टाळ्या वाजवल्या आणि प्रत्येक वेळी हौसाकडं बघायचं टाळलं. हौसा दहावीत होती. हातातलं एकच साल, तेही संपत आलेलं. इंगवले सर रेषेवर उभे, आणि हौसाला बॉलच मिळत नव्हता.

आणि मिळाला. अगदी शेवटी. तिनं मधूनच तो काढून घेतला आणि निघाली. मधे कुणी उरलं नाही, समोर मी एकटी. इतकी जवळ आली की तिच्या कपाळावरचा घाम मला दिसला. मनात मी म्हणत होते, मार गं बाई, मार. तिनं मारला. पण अंगाला सवय लागलेली असते, त्याला मन विचारत नाही. मी डावीकडं झेपावले, बोटांचं टोक लागलं, आणि बॉल खांबाला घासून बाहेर गेला.

मी गवतात तशीच पडून राहिले. काय केलं मी हे? हौसा माझ्या डोक्याशी उभी राहून म्हणाली, "मेले, आजच तुला दिवा लावायचा होता व्हय?"

आणि टाळ्या वाजायला लागल्या. मान वर करून बघितलं तर हुंबरवाडीच्या बाजूनं. गुरव सर. हात वर करून, पंजे लाल होतील अशा टाळ्या. "शाब्बास उजा! शाब्बास गं माझ्या लेकी!"

इंगवले सर आपल्या रेषेवरून ओरडले, "गुरवा, लेका, कुणाकडनं हैस तू?"

"दोन्हीकडं माझ्याच पोरी हैत की रं!" सर ओरडले.

मी उठून उभी राहिले. पण समोरचं सगळं पाण्यात गेलेलं. मैदान, पोरी, सर. बाहीनं पुसलं तर आणखी भरून आलं. कॉर्नर घ्यायला हौसा कोपऱ्यावर गेली होती, एवढं कळत होतं. कुणीतरी "उज्ज्वला!" म्हणून ओरडलं, आणि मग माझ्या मागं जाळी हलल्याचा आवाज आला.

कोपऱ्यावरून कुणाच्या पायाला न लागता थेट आत. हुंबरवाडीचा मोठ्या शाळेला बसलेला पहिला गोल. सगळ्या पोरी हौसाच्या अंगावर पडल्या. शबाना आधी तिच्याकडं पळाली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, वळून आली आणि मलाच मिठी मारून नाचायला लागली, आणि मी, गोल खाल्लेली गोलकीपर, तिच्याबरोबर नाचले. इंगवले सरांनी नंतर मला चांगलंच झापलं. झापून झाल्यावर विचारलं, "ती कॉर्नरवाली पोरगी रोज किती चालतीया म्हणालीस?"

पुढच्या जूनमध्ये अकरावीला माझ्या शेजारच्या खाटेवर हौसा आली. पेटी खाली ठेवायच्या आधीच, दारात उभी राहून तिनं विचारलं, "खरं सांग. तो तू सोडलास न्हवं?"

"न्हाई गं."

"आईची आण?"

"आईची आण. दिसलाच न्हाई."

आता हौसा पोलिसात आहे आणि मी एका शाळेत पी.टी. शिकवते. भेटली की अजून विचारते. मी अजून तेच सांगते, आणि तिला अजून पटत नाही.